सीडी कडेपर्यंत बघणारे मधूभाऊ

सुनीताचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या घरी मेथी निवडत बसले होते. भाद्रपद लागून चार-पाच दिवस झाले असतील. "बाई, मधूभाऊ गेलं," ती म्हणाली आणि मग एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. ती जव्हारला भाऊंच्या दुकानात एक सीडी दाखवायला गेली होती. कोणाच्या तरी शेतातून सोडवून आणलेली. भाऊंनी ती पुसली, प्लेअरमध्ये घातली, खुर्चीला टेकले, पडद्यावर चित्र आलं... आणि चित्र चालू असतानाच ते गेले. तिला वाटलं, डोळा लागला. सीडी संपेपर्यंत ती शेजारी तशीच बसून राहिली, कारण अर्ध्यात बंद केलेली सीडी भाऊंना चालायची नाही. मला रडू नंतर आलं, आधी आला तो राग. आदल्याच आठवड्यात मी त्यांना फोनवर झापलं होतं, की छातीत भरून येतंय तर गुमान नाशिकला या, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. तर म्हणाले, "येतो ना बाई, एवढं एक पोतं होऊ दे." पोतं म्हणजे सीडींचं. मी आयुष्यभर दुखणाईतांच्या सबबी ऐकत आले, पण अशी सबब कोणी सांगितली नव्हती.

आता दोन-अडीच महिने झाले. भाऊंबद्दल लिहा असं वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, म्हणाल्या, म्हणून बसले आहे. लिहायला लागल्यावर लक्षात येतं की या माणसाची ओळख करून देणं अवघड आहे. जव्हारच्या एसटी स्टँडवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला एक अरुंद दुकान लागायचं. दारात उघडे पडलेले टीव्ही आणि आत एका पिवळ्या दिव्याखाली वाकलेलं टक्कल. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही, मग सीडी प्लेअर, अशा क्रमानं त्या टेबलावरच्या वस्तू बदलत गेल्या. टक्कल तेच राहिलं. आजूबाजूची दुकानं एकेक करून मोबाईलची झाली, तरी भाऊंच्या दुकानात प्लेअरच येत राहिले. पाड्यांवर अजूनही कोणाकोणाच्या घरी ते आहेत आणि ते बिघडले तर दुसरं कोणी हात लावायला तयार नाही. लोक त्यांना 'मधूभाऊ' म्हणत, मीही तेच म्हणे. ते मला 'बाई' म्हणत, आणि रागावले की 'सिस्टर'.

निवृत्त होईपर्यंत जामसर भागात मी परिचारिका होते. खात्यानं आम्हाला एक प्लेअर आणि काही सीडी दिल्या होत्या. जुलाब झाल्यावर मीठ-साखर-पाणी कसं द्यायचं, बाळंतपणाला वेळेवर दवाखान्यात का यायचं, असल्या छोट्या फिल्म. पाड्यावर नेऊन दाखवायच्या. प्लेअर महिन्याभरात बसला. मी तो पिशवीत घालून भाऊंकडे नेला. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही. तळहातावर ठेवून दोनदा वर-खाली केला, भाजीवाली भोपळा तोलते तसा, आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाले, "बाई, हा प्लेअर नाही, हा डबा आहे. आत हवा भरलीय." मग मागच्या फळीवरून त्यांनी स्वतःचा उतरवला. काळा, पत्र्याच्या अंगाचा, दोन्ही हातांनी धरावा लागेल असा जड. "हा बघा. सीडी घातली की वेळ लावतो. लोकांना वाटतं, मंद आहे. मंद नाही तो, आधी नीट बघतो आणि मग बोलतो. हे नवे आहेत ना, ते बघायच्या आधीच 'नो डिस्क' म्हणून मोकळे होतात." खात्याचा दुसरा येईपर्यंत वापरा, म्हणून त्यांनी तो मला दिला. खात्याचा दुसरा कधी आलाच नाही. तो जड प्लेअर त्यानंतर किती वर्षं आठवडेच्या आठवडे माझ्या उपकेंद्रात पडलेला असे आणि भाऊ निरोपावर निरोप पाठवत, "सिस्टर, माझं मशीन!"

थक्क व्हायचं ते मोठ्या माणसांकडे बघून, असं मला तोवर वाटे. भाऊंनी मला एका पंचवीस पैशाच्या नाण्याहून लहान भिंगाकडे बघून थक्क व्हायला शिकवलं. प्लेअरचं झाकण काढून त्यांनी ते दाखवलं होतं. "या भिंगातून उजेड वर जातो, चकतीला लागून खाली येतो, आणि खाली येताना लग्न घेऊन येतो." असंच म्हणाले होते, लग्न घेऊन येतो. मी विचारलं, सुरुवात कडेपासून होते का? कारण आमच्या जुन्या तबकड्यांची व्हायची. त्यांना या प्रश्नाचा इतका आनंद झाला की त्यांनी वहिनींना चहा टाकायला सांगितला. "नाही! आतून बाहेर. सुरुवात मध्याशी आणि शेवट कडेला. आणि बाई, एक ध्यानात ठेवा. लोक खालची चकचकीत बाजू जपतात आणि वर बॉलपेननं खसाखसा नाव लिहितात. चित्र वरच्या बाजूला असतं, नावाच्या पातळ पापुद्र्याखाली. खालून खरवडलं तर मी काढून देईन, वरून खरवडलं तर देवही काढून देणार नाही." चहा येईपर्यंत त्यांनी पुसायचंही शिकवलं. मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल फिरवायचं नाही. त्यांच्या भिंगासाठी लागणारं स्पिरिट आणि कापूस तेव्हापासून मी पुरवू लागले, पदरचे.

पाड्यावरच्या खेळांना भाऊ हौसेनं यायचे. जीपमधून टीव्ही, बॅटरी आणि ते जड धूड. बायका मीठ-साखर-पाणी निमूटपणे बघायच्या आणि ते संपलं रे संपलं की आपापल्या पिशव्यांतून लग्नाच्या सीडी काढायच्या. कोणाचा भाऊ त्यात असे, जो पुढे कामाला भिवंडीकडे गेला तो आलाच नव्हता. कोणाची सासू असे. एकदा जामसरच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावर लहानू नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या बहिणीच्या लग्नाची सीडी दिली आणि पडद्यावर त्याची आई आली. जानीबाई. ती धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात लग्न लावते ती बाई, धवलेरी. भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढतात, त्याच्यापुढे बसून ती गाते आणि तिचं गाणं पुरं झाल्याशिवाय लग्न लागत नाही. या भागात येईपर्यंत मला हे माहीत नव्हतं. आमच्याकडे लग्न लावायला बाई बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

त्या सीडीची एक गंमत होती. शुटिंगवाला जव्हारचा होता, त्याला या गाण्यातलं काही कळत नव्हतं. त्यानं कॅमेरा स्टँडवर लावला, जानीबाईच्या तोंडासमोर धरला, आणि जेवायला निघून गेला. कोणी नाचणारं नाही, आहेर नाही, नवरा-नवरी नाहीत... तासभर नुसती एक म्हातारी, कपाळाला हळद, मांडीवर हात, आणि आवाज. शुटिंगवाल्याच्या आळसापायी चौकापुढचं सगळं गाणं अखंड उतरलं होतं. आवाज गोड नव्हता, खरखरीत होता. पण तो सुरू झाला की पाड्यावरची लेकरं गप्प झाली, आणि खाटेवर बसलेली खरी जानीबाई पडद्यावरच्या जानीबाईबरोबर ओठ हलवू लागली. मी भाऊंकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते, प्लेअरच्या झाकणावर हात ठेवून बसले होते. "गरम झालाय का?" मी विचारलं. "नाही," ते म्हणाले, "हे या डब्यातून येतंय, यावर विश्वास बसेना, म्हणून धरून बघतोय."

पुढची गोष्ट मला नंतर कळली, लहानूकडून. काही वर्षांनी ती सीडी त्यांच्या घरच्या प्लेअरवर लागेना. लहानू ती घेऊन जव्हारला भाऊंकडे गेला. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. भाऊंनी टेबलावरच्या एका नव्या, हलक्या प्लेअरमध्ये ती घातली. 'नो डिस्क.' पुसून घातली. 'नो डिस्क.' तेव्हा त्यांनी ती लहानूच्या हातात दिली आणि म्हणाले, "गेली ही. टाकून दे." आता पाड्यावर टाकून कोणी काही देत नाही. वाया गेलेल्या सीडीचा एक फार चांगला उपयोग आहे. नागली, म्हणजे नाचणी, कणसात आली की पाखरं उतरतात. तेव्हा शेतात दोरीला सीडी टांगायच्या. वाऱ्यानं त्या फिरतात, उन्हात चमकतात आणि पाखरं बिचकतात. जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर आश्विनात तुम्ही गेलात तर डोळे दिपतील इतक्या सीडी दिसतात. लहानूनं आईचा आवाज नागलीत टांगला. त्याची काही चूक नव्हती. भाऊंनी सांगितलं होतं, गेली... आणि भाऊंचा शब्द म्हणजे या भागात सीडीपुरता तरी शेवटचा शब्द.

पुढे जानीबाई वारली. माघ सरता सरता सुनीता, लहानूची थोरली लेक, माझ्याकडे उपकेंद्रात आली. ती आजीबरोबर लग्नांना जायची, मागे बसून सूर धरायची, निम्मं-अधिक गाणं तिला येत होतं. आजीचं सगळं आता तिच्याकडे आलं होतं. चैत्रात पाड्यावर एक लग्न ठरलं होतं आणि ते तिनं लावायचं होतं. "बाई, अरधा मला येतंय, पुढचा नाय येत," ती म्हणाली. "आजीनं सांगिलं, येल तसा येल. आनी ती तं गेली. ती सीडी लागंल का मधूभाऊकडं?" आजूबाजूच्या पाड्यांवर दुसरी धवलेरी नव्हती असं नाही, पण जानीबाईच्या घरचं गाणं जानीबाईच्या घरचंच. ते मध्येच तुटलं असतं, तर सुनीता पुन्हा कधी चौकापुढे बसली नसती, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी तिला घेऊन जव्हारला गेले. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सीडी कुठे आहे?" सुनीता सरळ मनानं म्हणाली, "शेतात व्हती. तुम्हीच सांगिलं ना, टाकून द्या." भाऊंनी हातातला स्क्रू ड्रायव्हर हळूच टेबलावर ठेवला, दुकानाची फळी लावली आणि जीप बघायला गेले.

लहानूच्या घरी माळ्यावर सीडींची एक माळ निघाली. कापणी झाली की ती सोडवून वर ठेवायची, पुढच्या साली पुन्हा टांगायची. अकरा सीडी, सगळ्यांना मधून सुतळी ओवलेली. नावं धुऊन गेलेली. त्यातली जानीबाईची कोणती, ते कोणालाच सांगता येईना. लहानू म्हणाला, "भाऊ, या सगळ्या मेलेल्या. कामाच्या नाय." भाऊंनी माळ गळ्यात अडकवली, खरंच गळ्यात, आणि तसेच जीपमध्ये बसले. दुसऱ्या दिवशी मी कामावरून दुकानात गेले तर तो जड प्लेअर टेबलाच्या मधोमध होता आणि भाऊ एकेक सीडी कडेपर्यंत बघत होते. अकरा मेलेल्यांपैकी सात जिवंत निघाल्या. एकात कोणत्या तरी सिनेमाची गाणी, एकात भजन, एकात सूर्यमाळकडच्या कुठल्याशा घरची हळद, ज्यांचा लहानूशी काही संबंध नव्हता. ती पाखरांसाठी कोणाकडून तरी मागून आणलेली. भाऊंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "बाई," ते म्हणाले, "मी किती लोकांना सांगितलं असेल हो, टाकून द्या म्हणून?" मी स्पिरिटची बाटली उघडून दिली.

नववी सीडी जानीबाईची होती. म्हणजे असावी, कारण प्लेअर ती घेता घेता थांबे. एक क्षण पिवळा प्रकाश, हळदीचा, आणि मग पडदा काळा. उन्हानं रंग उडाला होता, कडेला पापुद्राही सुटत होता. भाऊंनी खालची बाजू घासली, दात घासायच्या पेस्टनं घासली, बोटाच्या पेरानं, आतून बाहेर, तासन्तास. तरी नाहीच. तेव्हा त्यांनी झाकण काढलं आणि मला दाखवलं, भिंगाच्या बगलेला टाचणीच्या डोक्याएवढा एक स्क्रू असतो. तो केसभर फिरवला की उजेड वाढतो आणि अंधुक झालेली सीडीही वाचता येते. पण वाढलेल्या उजेडानं भिंगाखालचा दिवा लवकर जळतो. "कधी जळेल?" मी विचारलं. "ही सीडी संपायच्या आधी जळेल, नाहीतर नंतर." या प्लेअरचा दिवा आता कुठे मिळत नाही, नाशिकच्या दुकानदारानं हात वर केले होते. हे त्यांचं सगळ्यात लाडकं मशीन. वहिनी म्हणायच्या, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची तारीख विसरतील, पण हे मशीन घेतलं तो वार विसरायचे नाहीत. भाऊंनी माझ्याकडून इंजेक्शनची एक नवी सुई घेतली, श्वास रोखला आणि स्क्रू फिरवला.

सुनीता आणि लहानू समोर बसले होते, दुपारची वेळ. प्लेअरनं वेळ लावला. खर्र... थांबला. खर्र... थांबला. भाऊ त्याच्याशी बोलल्यासारखं पुटपुटले, "बघ, बघ, घाई नको." आणि जानीबाई आली. कपाळाला हळद, मांडीवर हात. मी देवधर्मातली नाही, पण त्या घटकेला माझे हात आपोआप जोडले गेले आणि मला त्याची लाज वाटली नाही. सुनीता फोनवर ते उतरवून घेत होती आणि ओठांनी आजीच्या मागे चालली होती, जिथे तिला येत होतं तिथे पुढे, जिथे येत नव्हतं तिथे पावलावर पाऊल ठेवत. लहानू भिंतीकडे तोंड करून बसला. तासाहून थोडं कमी... आणि मग चित्र चौकोन-चौकोन झालं, जानीबाईचं तोंड उघडं राहिलं आणि आवाज थांबला. शेवट कडेला असतो. कडेचा पापुद्रा नागलीच्या शेतात गळून पडला होता. भाऊंनी तीनदा प्रयत्न केला आणि मग ट्रे बाहेर काढून दोन्ही हातांनी सीडी उचलली. "इथवरच, पोरी," ते म्हणाले. "पुढचं मी घालवलं." सुनीता म्हणाली, "हाय तेवढा हाय, भाऊ." पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते भाऊंनी पाहिलं.

चैत्रातल्या त्या लग्नाला आम्ही दोघं गेलो. भाऊंनी रात्रभर पाठ केल्यासारखा चेहरा केला होता, जणू गायला त्यांनाच बसायचं होतं. चौक मांडला होता. सुनीता बसली, मागे तीन-चार बायका सूर धरायला. तिचा आवाज कोवळा, पण चाल आजीची. मी वेळ बघत होते, कारण ती जागा किती वेळानं येणार ते मला ठाऊक होतं. ती जागा आली. सुनीता शेवटची ओळ गायली आणि थांबली. सगळं अंगण थांबलं. आणि मग मागे, मांडवाच्या खांबाला टेकलेल्या एका म्हातारीनं पुढची ओळ उचलली. तिच्यात दुसरी मिसळली. मग पाणी भरत असलेल्या एकीनं हंडा खाली ठेवला. पाच, दहा, पंधरा बायका... त्या काही धवलेरी नव्हत्या, कोणाला सगळं येत नव्हतं, एकीला एक ओळ, दुसरीला पुढची. पण त्या सगळ्यांची लग्नं जानीबाईनं लावली होती. आपापल्या लग्नात, अंगाला हळद लागलेली असताना, त्यांनी हा शेवट ऐकला होता, आणि तो त्यांच्यात राहिला होता, त्यांनाही न सांगता. सुनीतानं तो त्यांच्या तोंडून घेत घेत पुरा केला. लग्न लागलं. माझ्या अंगावर काटा आला तो आत्ता लिहितानाही येतो आहे. भाऊंनी चष्मा काढून शर्टाला पुसला, गोल गोल, स्वतःचाच नियम मोडून. तो परत लावून म्हणाले, "बाई, आपलं मशीन हलकं निघालं."

त्यानंतर भाऊ सुधारले, की बिघडले, वहिनींना अजून ठरवता आलेलं नाही. ते शेताशेतांतून फिरू लागले. जामसर, मोखाडा, सूर्यमाळ, जिथे दोरीला चमकताना दिसेल तिथे जीप थांबवायचे. टांगलेली सीडी काढून घ्यायची, तिच्या जागी आपल्या पोत्यातली एक टांगायची आणि घरी आणून लावून बघायची. काही सापडलं की ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. काही नसेल, कोरी असेल, नुसता सिनेमा असेल, तर तिच्यावर मार्करनं एकच शब्द लिहायचा, 'तपासली', आणि ती पाखरांसाठी पोत्यात टाकायची. लोक चेष्टा करायचे, की मधूभाऊ पाखरांना आता पास झालेल्या सीडीच दाखवतात. मीही चेष्टा करायचे. एकदा चिडून म्हटलं, "भाऊ, पाच मिनिटांत कळतं की सिनेमा आहे. तासभर बसून काय बघता?" तर शांतपणे म्हणाले, "जानीबाईचं कडेला होतं, बाई." त्या लग्नानंतरच्या सहा वर्षांत त्यांना काय काय मिळालं! एका पोराच्या पाचवीचा कार्यक्रम, एका माणसाचं नुसतं हसणं, तीन मिनिटांचं, जो माणूस पुढे राहिला नाही... त्याच्या बायकोनं ती सीडी घेतली आणि छातीशी धरून चालू लागली, भाऊंशी एक शब्द न बोलता. भाऊ म्हणाले, बरं झालं, बोलली असती तर मला काय बोलायचं सुचलं नसतं.

प्लेअरचं पुढे काय होणार, असं मी त्यांना विचारलं होतं. नवे निघत नाहीत, निघतात ते डबे, कॉम्प्युटरलाही आता सीडीचं तोंड नसतं. मला वाटलं ते खिन्न होतील. ते म्हणाले, "मशीन जायचंच आहे, मीही जायचाच आहे. सगळं वाचून झाल्यावर जाऊ दे. वाचायच्या आधी जाता कामा नये, एवढंच." आणि खरी नवलाची गोष्ट ही, की ज्या दिव्याला आम्ही एका सीडीचं आयुष्य दिलं होतं तो दिवा जळाला नाही. केसभर वाढवलेल्या त्या उजेडावर तो सहा वर्षं चालला, रोज चालला, भाऊ खुर्चीत गेले तेव्हाही चालत होता. मला याचं कारण सांगता येणार नाही. भाऊंनाही आलं नव्हतं. ते नुसते झाकणावर हात ठेवायचे.

दिवाळी झाल्यावर मी जव्हारला गेले. वहिनींनी तो प्लेअर जुन्या साडीत गुंडाळून माझ्यापुढे ठेवला. "तुमच्याकडेच जायला हवा," त्या म्हणाल्या. "तसाही अर्धा जन्म तो तुमच्याकडेच होता." मी हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "लहानू ती सीडी घेऊन आला होता ना, पहिल्यांदा... तेव्हाही. लहानू म्हणालाही होता, मोठ्या मशीनवर लावून बघा की भाऊ. हे म्हणाले, ते बाईंकडे अडकलंय, आणि ही काही लागायची नाही." मी विचारलं, हे मला कधी का सांगितलं नाही? "मीही विचारलं होतं. म्हणाले, मशीन त्यांच्याकडे होतं, पण 'टाकून दे' मी म्हटलं." मी तिथेच पायरीवर बसले. सहा वर्षं या माणसानं माझ्याकडून स्पिरिट घेतलं, माझी बोलणी खाल्ली, माझी चेष्टा ऐकली, आणि एका शब्दानं मला कळू दिलं नाही की त्या दिवशी ते जड धूड माझ्या उपकेंद्रात, कपाटावर, धूळ खात पडलं होतं. "सिस्टर, माझं मशीन!" हा निरोप मी तेव्हा किती वेळा टाळला असेल... मला रडू आलं ते या पायरीवर.

परतताना जामसरला उतरले, सुनीताला भेटायला, प्लेअर कडेवर घेऊन. नागली पिकली होती. लहानूच्या शेताच्या कडेनं चालताना दोरीवरच्या सीडी वाऱ्यानं फिरत होत्या, आणि फिरता फिरता एकेकानं ओळख दाखवावी तसा तो शब्द समोर येत होता. तपासली. तपासली. तपासली. भाऊंचं ते गोल, शाळकरी अक्षर. शेवटच्या बांधाला एक नवीनच टांगलेली होती. ती फिरली, मी थांबून वाट पाहिली, पुन्हा फिरली. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मी दुसऱ्याला चार शब्द ऐकवणारी, स्वतः अर्ध्यात कंटाळणारी बाई. मी प्लेअर बांधावर ठेवला, सुतळी सोडली आणि ती सीडी पदरात घेतली.

सुनीताच्या घरच्या टीव्हीला प्लेअर जोडला. सीडी पुसली, मधून कडेकडे. खर्र... थांबला. खर्र... आणि चित्र आलं. सिनेमाची गाणी. पाच मिनिटांत कळलं. सुनीतानं माझ्याकडे पाहिलं, मी तिला हातानंच बस म्हटलं. झाकणावर हात ठेवून मी सगळी गाणी ऐकली, एकही न आवडता, आणि मग गाणी संपल्यावरचा काळा पडदा पाहिला, अगदी कडेपर्यंत, प्लेअर आपोआप थांबेपर्यंत. काही नव्हतं. सुनीतानं कपाटातून मार्कर काढून दिला. भाऊंचाच, ते गेले त्या दिवशी दुकानातून तिच्याबरोबर आलेला. मी लिहिलं, तपासली. माझं अक्षर डॉक्टरांच्या संगतीनं बिघडलेलं आहे, पण शब्द वाचता येतो.

लहानू दारात उभा होता. "टांगू ना बाई आता?" त्यानं विचारलं.

"टांगा," मी म्हटलं. "आणि त्या पलीकडच्या शेतातल्या तेवढ्या सोडवून आणा."